लंगड्या गाईचं औषध

भुरीचं वासरू गेलं त्या आठवड्यात वैरणीची गंजी तळाला लागली होती आणि धाकटीची पाळीही तोंडावर आली होती. घरात बोलणं व्हायचं ते वासराचं आणि वैरणीचं. तिसऱ्या गोष्टीचं नाव कोणी काढत नसे. सासू फक्त शेणाची मोठी पाटी आपल्याकडे ओढून घ्यायची आणि लहान पाटी धाकटीच्या हाताशी सरकवायची, त्यावरून काय ते समजायचं.

माणसं तिघंच होती. सासू, तिचा मुलगा आणि ही सून. थोरला मुलगा बायकोला घेऊन शहरात कारखान्यात लागला होता आणि वर्षातून एकदा हात हलवत यायचा, हात हलवत जायचा. म्हणून ही धाकटी. सव्वीस वर्षांची, अंगाने काटकुळी, बोलायला तिखट. लग्न होऊन आली तेव्हा दोन्ही हातांत दुधाचे भरलेले कॅन घेऊन वळणापर्यंत न थांबता चालायची आणि वर नवऱ्याला विचारायची, तुमचे पाय दुखले का. आता रिकामा कॅन उचलतानाही तिचा एक हात ओटीपोटावर जायचा. तिच्या ते लक्षातही येत नसे.

दुधाची गाडी वळणावर यायची, भोंगा वाजवायची आणि निघून जायची. कोणासाठी थांबायचं तिला ठाऊक नव्हतं. त्यामुळे उजाडायच्या आधीपासून सगळ्यांचे हात घाईत चालायचे. धाकटी शेण काढायची, गव्हाणी झाडायची, पेंड कालवायची. धारा काढायची ती सासू. कोमट पाण्याने कास धुवायची, सड हलके ओढायची, गाईशी काहीबाही पुटपुटायची, आणि कसलीही आडमुठी गाय तिच्या हाताखाली पान्हा सोडायची. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती झाकून ठेवत नसे. आसपासच्या गोठ्यांत गाईला सुई टोचून दूध उतरवायची खोड लागली होती. सासू म्हणायची, माझ्या गोठ्यात सुई शिरेल ती आजारी गुरासाठी; गाईला फसवून काढलेलं दूध मी कोणाच्या लेकराच्या तोंडी घालणार नाही.

भुरीने मात्र तिला हार खायला लावली. वासरू गेल्यापासून ती दूध चढवून बसली होती. हात लावला की लाथ. एकदा चरवी उडाली, सासूचं मनगट सुजलं, आणि मग भुरीची धार मुलाने आपल्याकडे घेतली. थोड्याच दिवसांत भुरी त्याच्यापुढे गुमान उभी राहायला लागली. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, हात माझाच उतरलाय त्याच्यात. मुलगा तेव्हा खाली मान घालून कॅन घासत असायचा.

धाकटीचं दुखणं जुनं होतं. माहेरी असताना आई म्हणायची, सगळ्याच बायकांचं दुखतं, तू काय जगावेगळी आहेस. सासरी आल्यावर ते वाढत गेलं. पहिल्या दिवशी ओटीपोटात ओलं फडकं पिळल्यासारखी कळ सुरू व्हायची. ती कमरेत जायची, मांड्यांत उतरायची, शौचाला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पेंडीच्या खोलीत पोत्यांवर ती पोटाशी गुडघे घेऊन पडायची आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोत्याचं टोक दातांत धरायची. गेल्या वर्षापासून पाळी नसतानाही दुखायचं. नवरा जवळ आला तरी दुखायचं. हे शेवटचं तिने त्याला पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. त्याला ते कळलं तेव्हा तो अंथरुणाच्या कडेला सरकून झोपायला लागला, आणि तिला त्याचाही राग यायचा.

लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. त्यासाठी म्हणून शेवटी ती मोठ्या दवाखान्यात गेली, आणि तिथे दुखण्याचा पत्ता लागला. तिथली डॉक्टरीण तिच्याच वयाची दिसत होती. तिने कोऱ्या कागदावर पिशवी काढली, दोन बाजूंना दोन अंडाशयं काढली आणि पेनाने बाहेरच्या बाजूला ठिपके दिले. पिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढलंय, म्हणाली. अंडाशयावर आहे, आतड्यापाशी आहे. दर महिन्याला तेही आतून रक्त टाकतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग आतलं एकमेकांना चिकटत जातं. आजाराला नाव मोठं लांबलचक होतं, ते नवऱ्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. पण चित्र त्याला चटकन कळलं. गाई अडल्या की कोपरापर्यंत हात घालणारा माणूस तो. त्याने विचारलं, म्हणजे व्यायल्यावर गाईची वार अडकते तसं का? डॉक्टरीण हसली, तसं नाही म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

उपाय तिने सगळे सांगितले. गोळ्या, पाळी दाबून ठेवणाऱ्या. त्यांना वेळ द्यावा लागतो, सुरुवातीला त्रास होतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करून ते ठिपके काढायचे, ती चिकटलेली जागा सोडवायची. पिशवी राहते, मूल होण्याची आशा राहते, पण दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. आणि पिशवीच काढायची. धाकटीने विचारलं, मग जाईल ना? डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. कित्येकींना बरं वाटतं, म्हणाली. पण जे बाहेर वाढलंय ते तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. अंडाशयंही काढली तर म्हातारपण आत्ताच सुरू होईल, हाडं ठिसूळ होतील, अंगाची आग होईल, गोळ्या घ्याव्या लागतील. आणि तरीही दुखणं जाईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिने दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी नाव लावलं. निरोप येईल म्हणाली, वेळ लागेल.

घरी येताना नवरा म्हणाला, एक सड नासला तर तो बंद करून टाकतात, म्हणजे बाकीचे तीन चांगले राहतात. तो चांगल्या मनानेच बोलला होता. धाकटी म्हणाली, मला कुठे चार आहेत. दोघंही हसले.

गोळ्या तिने दोन महिने घेतल्या. महिनाभर थेंब थेंब अंगावरून जात राहिलं, डोकं ठणकायचं, गाईच्या पाठीवर हात टेकून उभं राहावं लागायचं. मग तिने त्या कोणाला न सांगता बंद केल्या. आणि त्यानंतर ती गुरांच्या दवाखान्याची पायरी चढली.

तिथल्या कंपाउंडरला तिने सांगितलं की गाय लंगडतेय. त्याने दुखणं मारायच्या औषधाची बाटली दिली, सुईतून किती भरायचं ते सांगितलं. घरात सुया होत्याच. गाईला सुई मारायला तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. पेंडीच्या खोलीचं दार लोटून तिने अंदाजाने थोडंसं भरलं आणि मांडीत टोचून घेतलं. औषध जनावराचं, मात्रा मनाची. काही वेळाने कळ ओसरली, आणि ती उठून गव्हाणी झाडायला गेली. त्या दिवसापासून त्या घरातली गाय दर महिन्याला लंगडायला लागली. कंपाउंडर थट्टा करायचा, तुमच्या गाईंना चालायला शिकवलं कोणी? एकदा मात्र त्याने तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि थट्टा न करताच बाटली पुढे सरकवली. त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिने बाटलीवरचं लेबल ओलं करून खरवडून काढलं आणि ती पेंडीच्या खोलीतल्या कोनाड्यात, तेलाच्या गंजक्या डब्यामागे ठेवली.

आता त्या आठवड्याची गोष्ट. पाळी संध्याकाळच्या धारांच्या वेळी आली. नवरा वैरण बघायला पलीकडच्या वस्तीवर गेला होता, सासू गाईखाली बसली होती. पहिलीच कळ अशी आली की धाकटीच्या हातातलं घमेलं पडलं. ती पेंडीच्या खोलीत गेली, डब्यामागे हात घातला, बाटली हाताला लागली. बिनलेबलाची, काचेची, आत पाण्यासारखं औषध. तिने भरलं, टोचलं आणि बाटली परत डब्यामागे सारली.

पुढचं तिला तुटक तुटक आठवतं. कळ ओसरायच्या ऐवजी आवळत गेली. पोट दगडासारखं झालं, जरा सैल पडलं, पुन्हा आवळलं. आतलं सगळं कोणी मुठीत धरून खाली ओढतंय असं वाटायला लागलं. आपण मरतोय हे तिला स्वच्छ समजलं. सासू धावत आली तेव्हा ती पोत्यांच्या मधे फरशीवर पडली होती, ओकारीत माखलेली, आणि दातांत पोत्याचा तुकडा होता. सासूने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि इतक्या मोठ्याने हाका मारल्या की वळणावरची माणसं धावली. कोणाचा तरी टेम्पो मिळाला, नवऱ्याला निरोप गेला, तो मागोमाग पोचला. तालुक्याच्या डॉक्टरचा दवाखाना खिळे-पत्र्याच्या दुकानावर, माडीवर होता. जिना चढेपर्यंत कळ उतरायला लागली होती. डॉक्टरने सलाईन लावलं, पोट दाबून पाहिलं, मोठ्या दवाखान्याचे कागद चाळले आणि बाहेर येऊन दोघांना सांगितलं, आजार पुढे गेलाय. असा झटका पुन्हा आला तर जिवावर बेतेल. पुढची पाळी यायच्या आत पिशवी काढून टाकू.

सासूने पदराने डोळे पुसले आणि हो म्हणून टाकलं.

धाकटी घरी आली. दोन दिवसांनी उठून बसता यायला लागलं, तशी ती भिंतीला धरून गोठ्याच्या दारापर्यंत गेली. सकाळची वेळ होती. नवरा भुरीच्या मागे उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण दाराकडे पाहिलं नाही. खिशातून बिनलेबलाची बाटली काढली, सुई भरली, भुरीच्या मांडीवर थोपटून टोचली. मग खाली बसला. जरा वेळाने भुरीची कास तटतटली आणि दुधाची धार चरवीत वाजायला लागली.

धाकटी तशीच मागे फिरली. पेंडीच्या खोलीत जाऊन तिने तेलाचा डबा बाजूला केला. तिची बाटली तिथेच होती, कोपऱ्यात, आणि तिच्या अलीकडे धुळीत दुसऱ्या बाटलीच्या बुडाचा गोल उमटला होता. नवऱ्यालाही लपवायला तीच जागा सापडली होती. घरात जागा तरी अशा कितीशा असतात!

आता तिला सगळं समजलं. पान्ह्याची सुई पिशवीला आवळते, हे गुरं पाळणाऱ्या घरातल्या पोरींना शिकवावं लागत नाही. अडलेल्या गाईला तीच टोचतात. झटका आजाराचा नव्हताच.

हे तिने त्याच क्षणी सांगायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. म्हणायला काय जातं! सांगायचं म्हणजे आपण गाईचं औषध टोचून घेतो हे सांगायचं. कंपाउंडरची नोकरी जायची. नवऱ्याची चोरी त्याच्या आईपुढे उघडी पडायची, आणि बायको आपल्या बाटलीने मरत होती हे त्याला कळलं तर तो ते कुठे ठेवील? हे सगळं खरं होतं. पण त्याखाली आणखी एक होतं, आणि ते धाकटीला नीट ठाऊक होतं. तिला सुटायचं होतं. डॉक्टर हो म्हणतोय, सासू हो म्हणतेय, मग आपण कशाला तोंड उघडायचं? काढू देत. जे दर महिन्याला आपल्याला फरशीवर लोळवतं ते नेऊन उकिरड्यावर टाकू देत.

पण अंगातली दुखरी गाठ सैल झाली की दुसरीच भीती वर यायची. भीती कापण्याची होती, भूल दिल्यावर जाग आली नाही तर याची होती. सगळ्यांत जास्त भीती ही, की सगळं काढून झाल्यावर, टाके वाळल्यावर, एक दिवस शेण भरताना तीच कळ पुन्हा येईल, आणि मग काढायला काहीच उरलेलं नसेल. ती आरशात बघायची आणि स्वतःला पांढरे केस, वाकलेली कंबर लावून बघायची. मुलाचं काय, ते तर तिला सांगताच आलं नसतं. ज्या दिवशी दुखायचं नाही त्या दिवशी तिला मूल हवं असायचं. ज्या दिवशी दुखायचं त्या दिवशी तिला आपण स्वतःसुद्धा नको असायचो.

ते दिवस सासूने तिला जपलं. काडी उचलू दिली नाही, तिचे डागाचे कपडे स्वतः धुतले, तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. सुजलेल्या मनगटाला फडकं बांधून ती दोघींची कामं ओढत होती. मायेने माणूस किती अडचणीत येतं ते धाकटीला तेव्हा कळलं. सासू खडूस असती तर भांडता तरी आलं असतं.

एकदा वैरण कापताना नवरा म्हणाला, "मला मूल नसलं तरी चालेल. तू असलीस म्हणजे झालं."

त्याचा आवाज फुटला होता. धाकटीला रडू आलं, आणि त्याच वेळी वाटलं, तुला चालेल. मला चालेल का, हे कोणी विचारलंच नाही. ती बाटलीचं बोलणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो विळा खाली ठेवून बाहीने नाक पुसत होता, आणि तिने ते गिळलं.

ऑपरेशनच्या दिवशी शेजाऱ्यावर गुरं सोपवून तिघंही तालुक्याला गेली. माडीवरच्या खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर कोणी नव्हतं, नुसती गादी गुंडाळून ठेवलेली. नर्सने धाकटीला कपडे बदलायला लावले. मागून बंद बांधायचा हिरवा झगा, तिच्या अंगाला कुठल्याकुठे मोठा. त्यात तिला उघडंच असल्यासारखं वाटत होतं. खालच्या दुकानात कोणी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज फरशीतून तळपायांना लागायचा. तिचे दात वाजत होते. थंडी नव्हती.

डॉक्टर घाईत आला. भूल देणारा निघालाय म्हणाला. सही कुठे करायची ते नवऱ्याला बोटाने दाखवलं.

धाकटी म्हणाली, "काय काय काढणार?"

"सगळंच साफ करू, बाई. पुन्हा कटकट नको."

"अंडाशयंसुद्धा?"

डॉक्टरने तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. हा शब्द तिच्या तोंडी त्याला अपेक्षित नव्हता. पिशवीच नाही तर ती ठेवून काय करायचंय, म्हणाला. वय जरा लवकर येईल, त्यावर गोळ्या आहेत. मग तो नवऱ्याकडे वळला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला, की तुम्ही परवाचा झटका पाहिलात ना, आता वाट बघण्यात अर्थ नाही, तो झटका म्हणजे आजाराने दिलेली ताकीद होती. नवऱ्याने मान हलवली आणि पेन उघडलं.

ते पेन उघडताना धाकटीने पाहिलं आणि तिच्या अंगातलं होतं नव्हतं ते बळ गळ्याशी आलं. आता नाही बोलले तर पुढे बोलायला काही कारणच राहणार नाही.

"तो झटका आजाराचा नव्हता," ती म्हणाली. "मी सुई टोचून घेतली होती. गाईची."

कोणाला काहीच कळलं नाही. मग तिने सगळं सांगितलं, खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत, एका दमात. लंगडी गाय, कंपाउंडर, डबा. दुखण्याचं औषध समजून दुसरीच बाटली हाताला लागली. कसली बाटली, डॉक्टरने विचारलं. ती थांबली.

नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पेन अजून उघडंच होतं त्याच्या हातात.

"पान्ह्याची," तो म्हणाला. "माझी होती."

सासू खुर्चीत बसली होती, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. तिने मुलाकडे पाहिलं आणि हळू आवाजात एवढंच विचारलं, "भुरीला?" त्याने मान हलवली. ती दुखऱ्या मनगटावरचं फडकं सोडून पुन्हा बांधत राहिली. गावभर मिरवलेला मोठेपणा असा परक्याच्या खोलीत, परक्या माणसांपुढे मातीत गेला, आणि तिला रागवायलासुद्धा जागा नव्हती.

डॉक्टर मात्र चिडला. जनावरांची औषधं टोचून घेता, मेला असतात तर नाव माझं आलं असतं, वगैरे बरंच बोलला. खालचा पत्र्याचा आवाज थांबला होता, त्यामुळे जिन्यापर्यंत ऐकू जात असणार. मग त्याचा राग जरा निवळला. तो म्हणाला, बरं, ते झालं ते झालं. आजार तर खरा आहे ना? कागद खोटं बोलत नाहीत. आज ना उद्या काढावीच लागणार. आल्यासरशी उरकून घ्या.

आणि यातलं काय खोटं होतं? आजार खराच होता. धाकटीने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. दोघांपैकी कोणी हो किंवा नाही म्हटलं असतं तर ती तशी वागली असती, इतकी ती घाबरली होती. पण त्या दोघांचीही आता बोलायची हिंमत उरली नव्हती.

"आज नको," ती म्हणाली.

का नको, हे डॉक्टरने विचारलं. ती खाटेवरून उतरली आणि आपले कपडे मागितले. नर्सने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने हात झटकले आणि तो निघून गेला. झग्याचा बंद पाठीमागे होता, धाकटीला तो सुटेना. सासूने उठून तो सोडला. लहान पोराला घालावेत तसे तिला कपडे घातले, केस सारखे केले, आणि पिशवी उचलून जिन्याकडे चालायला लागली.

बस भरलेली होती. बायकांना मागे जागा मिळाली, नवरा शेजारी दांडीला धरून उभा राहिला. बराच वेळ खिडकीबाहेर नुसती धूळ आणि करपलेली रानं मागे जात होती. मग सासू समोर बघतच बोलायला लागली. भुरीची धार उद्यापासून मी काढीन, म्हणाली. सोडला पान्हा तर सोडला, नाहीतर बसू दे तिला तिच्या वासराचं दुःख करत. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, माझ्या गोठ्यात लंगडी गाय कुठली आली, हे त्या कंपाउंडरने एकदा तरी येऊन बघायचं होतं. धाकटीला हसू आलं आणि त्यातच हुंदका आला. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही, पण आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. परवा त्या मोठ्या दवाखान्यातल्या बाईकडे जाऊ, म्हणाली. निरोपाची कसली वाट बघायची, दारात जाऊन बसू.

तेवढ्यात ते सुरू झालं. आधी कमरेत, मग पुढे. धाकटीला वाटलं बसच्या धक्क्याने असेल. तिने श्वास धरून वाट पाहिली. नाही, तीच होती; ओलं फडकं, पहिला पीळ. तिने पुढच्या बाकाची दांडी धरली. आता कोनाड्यात हात घालायची सोय नव्हती. डब्यामागची बाटली आज सगळ्यांना ठाऊक झाली होती. घर अजून लांब होतं, आणि मागे, माडीवरच्या खोलीत खाट अजून तशीच अंथरलेली असेल, हे तिला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

नवऱ्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. त्याला कळलं. तो खाली वाकला.

"परत फिरायचं का? अजून वेळ आहे. डॉक्टर तिथेच असेल."

तिचं सगळं अंग हो म्हणत होतं. पाय, कंबर, आवळलेले दात, सगळं. तिने डोळे मिटून घेतले, कारण त्याच्याकडे पाहिलं असतं तर तिने हो म्हटलं असतं.

"आज विचारू नका," ती म्हणाली. "दुखत नसेल त्या दिवशी विचारा."

तो सरळ उभा राहिला. सासूने गुडघ्यावरचा हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला आणि चोळायला लागली. कळ अजून नुसती सुरू झाली होती.